करवंटीची भांडी : जालन्यात हा उद्योग उभा राहील का?

जालना एमआयडीसीत शिरणारा ट्रक बहुधा भंगार घेऊन येतो आणि बाहेर पडणारा सळई घेऊन जातो. मोडकी यंत्रे, गंजलेले पत्रे, जुने खांब इथल्या भट्ट्यांत वितळतात आणि त्यांतून घरांचे स्लॅब तोलणारे लोखंड निघते. दुसऱ्याने टाकलेल्या मालातून कामाची वस्तू काढणे, हाच या वसाहतीतल्या पोलाद धंद्याचा पाया आहे. अशा ठिकाणी नारळाच्या करवंटीपासून वाट्या, डवले, पेले करण्याची गोष्ट काढली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : नारळ कोकणात पिकतो, मग करवंटीचा कारखाना जालन्यात कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला झटपट उत्तर देणे चुकीचे ठरेल. करवंटी हा माल कसा आहे, त्याची भांडी आजवर कुणी आणि का वापरली, ती घडवताना काय सांभाळावे लागते, करवंटीला दुसरे गिऱ्हाईक कोण आणि जालन्यात ती मिळते कुठे, हे सगळे पाहिल्याशिवाय ते देता येणार नाही. माझे मत आधीच सांगून ठेवतो. हा धंदा जालन्यात व्हावा, पण जवळच्या करवंटीवर आणि रोज वापरायच्या भांड्यांसाठी. केरळातून करवंट्यांचे ट्रक मागवून शोभेच्या वस्तू करण्यात आपले हित नाही.

माल कसा आहे

सोडणासकट तोललेल्या नारळात करवंटीचा वाटा साधारण १२ ते १५ टक्के असतो. जाडी काही मिलिमीटरच, पण एवढ्या पातळ कवचात ताकद मोठी असते. तिच्यात सुमारे तिसरा हिस्सा लिग्निन असते. लाकडाला ताठपणा देणारे हेच द्रव्य, आणि करवंटीत ते बहुतेक लाकडांपेक्षा जास्त असते. लाकडात मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी वाहून नेणाऱ्या उभ्या नळ्या असतात. करवंटी मात्र जाड भिंतींच्या दगडी पेशींची घट्ट वीण आहे. त्यामुळे ती पाणी हळू शोषते आणि आमटी झिरपू देत नाही. उष्णताही हळू वाहते, म्हणून वाटीत गरम कढी ओतली तरी हाताला चटका बसत नाही.

उणिवाही याच घडणीतून येतात. नारळाचे फळ तीन दलांचे बनते. त्याच्या खुणा म्हणजे तीन डोळे आणि त्यांच्यामधून खाली उतरणाऱ्या तीन कडा. करवंटी तडकते ती बहुधा या कडांच्या बाजूने. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर पडतो. म्हणून पातळ पदार्थाच्या भांड्याला डोळ्यांविरुद्धची अर्धी बाजू घ्यावी लागते. डोळ्यांकडची बाजू कोरड्या वस्तूंना किंवा रोप लावण्याच्या कुंडीला चांगली, कारण मऊ डोळा उघडला की पाणी निथळायला भोक आपोआप मिळते. मध्यम नारळाच्या अर्ध्या भागात साधारण २५० ते ४०० मिलिलिटर मावते, म्हणजे आमटीची मोठी वाटी किंवा पोह्यांची लहान बशी. याहून मोठे भांडे करवंटीतून निघत नाही. निसर्गाने घातलेली ही मर्यादा मान्य करूनच पुढे जायला हवे.

स्वयंपाकघर, मठ आणि राजवाडा

महाराष्ट्रात करवंटीचे सर्वांत टिकाऊ भांडे म्हणजे कोकणातला डवला. अर्ध्या करवंटीच्या काठाजवळ समोरासमोर दोन भोके पाडायची आणि त्यांतून निमुळती होत गेलेली काठी आरपार ठोकून बसवायची, एवढीच त्याची रचना. खिळा नाही, डिंक नाही. गोव्यात त्याला दवली म्हणतात. केरळातल्या तवीची घडणही जवळपास तशीच. मातीच्या मडक्यातली आमटी ढवळताना धातूचा पळा मडक्याला ओरखडे पाडतो, डवला पाडत नाही. कल्हई उडेल अशा पितळी पातेल्यातही तो सोयीचा. आज घरोघर ओरखड्यांपासून जपावी लागणारी नॉनस्टिक भांडी आली आहेत, त्यांनाही हाच गुण लागतो. म्हणजे डवल्याचे काम संपलेले नाही.

इतर वापरही कमी नव्हते. केरळात करवंटीतच पुट्टू उकडतात, खालच्या डोळ्यातून वाफ वर येते. रबराच्या मळ्यांत झाडाला बांधलेल्या करवंटीत चीक गोळा करण्याची पद्धत आहे. हुक्क्याचे पाण्याचे भांडे नारळाचे असे. केरळातल्या कोयिलांडीचे पितळकाम केलेले हुक्के अरब देशांत जात. पितळ जडवलेल्या करवंटीच्या वस्तूंसाठी केरळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. साधू आणि फकिरांच्या हाती असलेली काळी भांडी मात्र बरीचशी दर्याच्या नारळाची असत. समुद्रावर तरंगत येणाऱ्या या जोडफळाचे झाड १७६८ मध्ये सेशेल्स बेटांवर सापडले. तोवर ते समुद्राच्या तळाशी उगवते, असे लोक मानत.

समुद्रापलीकडे याच करवंटीला राजवाड्यात जागा मिळाली. पंधराव्या ते सतराव्या शतकांत युरोपातले सोनार करवंटीला चांदीची बैठक आणि काठ जडवून पेले करीत. अशा पेल्यात विष टिकत नाही, अशी तिथली समजूत होती. फिजीत यंगोना हे मानाचे पेय आजही अर्ध्या करवंटीतून दिले जाते. फळ एकच, पण कुठे ते राजाच्या ओठी लागले, कुठे पाहुण्याच्या आणि कुठे भिक्षेकऱ्याच्या.

जो इतिहास विसरू नये

या आढाव्यात एक कडवट नोंद करावीच लागेल. दक्षिण भारतातल्या कितीतरी गावांत चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळे पेले ठेवले जात, आणि काही ठिकाणी चहा करवंटीत ओतला जाई. पिऊन झाले की ती फेकायची, म्हणजे इतरांच्या भांड्यांना विटाळ नको. आपल्याकडेही भिक्षेचे भांडे म्हणून करवंटी ओळखली गेली, आणि हाती करवंटी येणे म्हणजे कंगाल होणे. घरातल्या फडताळात तिला मानाची जागा मिळाली नाही, त्यामागे ही सामाजिक कारणे आहेत. केवळ स्टील स्वस्त झाले म्हणून ती मागे पडली, असे म्हणणे अपुरे ठरेल.

करवंटीची भांडी पुन्हा आणू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. जाहिरातीत ‘आजीच्या काळचे भांडे’ असा गोड सूर लावणे सोपे असते, पण प्रत्येकाच्या आजीची आठवण सारखी नसते. आज हे भांडे यायचे असेल तर यजमान आणि पाहुणा, मालक आणि कामगार, सगळ्यांच्या पुढ्यात एकच भांडे म्हणून यावे. ते नीट घडवलेले, गुळगुळीत आणि जपून ठेवावेसे असावे. एकदा वापरून फेकायची वस्तू म्हणून करवंटी विकू नये, असे मला वाटते, त्याचे एक कारण हेही आहे.

भांडे घडते कसे

पूर्ण पक्व, ११–१२ महिन्यांच्या नारळाची तपकिरी करवंटीच कामाची. शहाळ्याचे कवच कोवळे असते, वाळताना ते आकसते आणि तडकते. नारळ हातात फिरवत कोयत्याच्या बोथट बाजूने मध्यावर ठोके दिले तर दोन बऱ्यापैकी सारख्या वाट्या होतात. त्याहून सरळ काप हवा असेल तर बारीक दातांची करवत लावावी लागते. खोबरे काढल्यावर आतली तपकिरी साल आणि चिकटलेले तुकडे खरवडून काढायचे, वाटी उकळत्या पाण्यात ठेवायची आणि सावलीत वाळू द्यायची. उन्हात घाई केली की तडा ठरलेला.

मग बाहेरचे तंतू सुरीने तासून कानशीने घासायचे. खरी मेहनत पॉलिश पेपरची. आधी भरड, मग मध्यम, शेवटी बारीक, अशी पायरी गाळता येत नाही. भरड कागदाची रेघ राहिली तर ती शेवटच्या चकाकीत उठून दिसते. ग्राइंडरवर काम लवकर होते, पण वेग जास्त ठेवला तर करवंटी तापते, काळी पडते आणि काठ उडतो. भोक पाडतानाही ड्रिल सावकाश चालवावे लागते. वाटी बसती करायची तर तळ किंचित सपाट घासावा किंवा करवंटीचीच कडी खाली द्यावी. कडी चिकटवण्याचा गोंद अन्नाला लागणार नाही, इतकी काळजी घ्यावीच.

डवल्याच्या दांड्यासाठी कोकणात बांबू किंवा माडाचे लाकूड मिळते. जालन्याच्या शिवारात बाभूळ आहे. कुऱ्हाडीचे आणि कुदळीचे दांडे तिच्या लाकडाचे असतात, ते उगीच नाही. बाभळीचा दांडा आणि करवंटीचा पेला हे मराठवाड्याचे स्वतःचे भांडे होऊ शकेल.

लेप : सर्वांत नाजूक प्रश्न

बाजारात चकचकीत दिसणाऱ्या अनेक वाट्यांवर व्हार्निश किंवा लॅकरचा थर असतो. शोभेच्या वस्तूला तो चालेल. गरम, आंबट, तेलकट अन्न ज्यात वाढायचे त्या भांड्याला तो चालणार नाही. तिथे खाण्याचे तेल किंवा मधमाश्यांचे मेण एवढेच वापरावे. खोबरेल सगळ्यांना सुचते, पण खोबरेल हवेत सुकत नाही. ते पृष्ठभागावर ओलसर राहते, धुतले की निघून जाते आणि पुन्हा पुन्हा लावावे लागते.

जवसाचे तेल वेगळे वागते. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते आणि पातळ, टिकाऊ पापुद्रा धरते. लाकडावर ते शतकानुशतके वापरले गेले त्याचे कारण हेच. करडईचे तेलही काही अंशी सुकते, आणि ते तापवून घट्ट केलेल्या रोगणाचा वापर आपल्या देशात जुना आहे. जवस आणि करडई ही दोन्ही मराठवाड्याची पिके. करवंटी बाहेरची असली तरी तिच्यावरचा लेप इथल्या घाण्याचा असू शकतो. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल आहे. कोणते तेल किती दिवसांत सुकते, वरणात आणि ताकात ते कसे टिकते, याची तपासणी करण्याची विद्या त्यामुळे आपल्याच शहरात आली आहे.

दोन सूचना इथेच नोंदवतो. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूची संयुगे घातलेली असतात, ते भांड्याला लावू नये. आणि जवस तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

वापरणाऱ्यासाठी नियम साधे आहेत. भांडे वापरून झाले की लगेच धुवावे, पाण्यात भिजत ठेवू नये, मायक्रोवेव्हमध्ये किंवा विस्तवावर ठेवू नये, पुसून वाळवावे आणि कोरडे दिसू लागले की तेलाचा हात फिरवावा.

कामगाराची छाती

भांडे निसर्गाचे म्हणून ते घडवणे निर्धोक, असा समज करून घेऊ नये. करवंटी घासताना उडणारी धूळ फार बारीक असते. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करू शकते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. करवंटीची धूळ त्याच घटकांची आणि तितकीच बारीक आहे, म्हणून तिच्या बाबतीत सावधगिरी कमी असून चालणार नाही. तोंडाला ओढणी बांधून हे काम होत नाही. ग्राइंडरपाशी धूळ ओढून घेणारा पंखा, नळी आणि पिशवी हवी, चांगला मास्क हवा, आणि शेवटची घासाई पाणी लावून पाण्याच्या पॉलिश पेपरने करावी. ओल्या घासाईत धूळ उडत नाही. बायकांनी घरात बसून, लेकरे जवळ खेळत असताना कोरडी घासाई करावी अशी योजना कुणी मांडली, तर तिला ठाम नकार द्यावा.

करवंटीचे दुसरे गिऱ्हाईक

भारतात वर्षाला साधारण दोन हजार कोटी नारळ होतात. इंडोनेशिया आणि फिलिपिन्ससोबत आपण जगातल्या पहिल्या तीन उत्पादक देशांत आहोत. म्हणजे करवंट्या अमाप आहेत, पण त्या कुणाची वाट पाहत पडलेल्या नाहीत. करवंटीचा कोळसा आणि त्यापासून होणारा सक्रिय कार्बन यांना जगभर मागणी आहे. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातला काळा चुरा बऱ्याचदा करवंटीचाच असतो. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी अमेरिकेत फळांच्या कोयी आणि करवंट्या गोळा करण्याची मोहीम निघाली होती. एक टन कोळशाला साधारण ३० हजार नारळांच्या करवंट्या लागतात. करवंटीची भुकटी मच्छर अगरबत्तीत आणि प्लायवूडच्या गोंदात जाते, तुकड्यांची बटणे होतात.

नारळाच्या पट्ट्यात करवंटी कोळशाकडे जाते, आणि भांडे करणाऱ्याला त्या भावाशी टक्कर द्यावी लागते. जालन्यात असा पट्टाच नाही, म्हणून कोळशाच्या व्यापाऱ्याची साखळीही नाही. इथली करवंटी कचऱ्यात जाते किंवा बंबाखाली जळते. उघड्यावर पडलेल्या करवंटीत पावसाचे पाणी साचले की डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेवढे पुरते. केरळच्या रबर मळ्यांत याच कारणाने करवंट्या पालथ्या घालण्याच्या सूचना द्याव्या लागतात. शहरातली करवंटी गोळा होणे हे आरोग्याचेही काम आहे.

जालन्यात करवंटी येते कुठून

इथे एक बाब नीट समजून घ्यायला हवी. मराठवाड्याच्या स्वयंपाकात नारळ येतो तो मुख्यतः सुक्या खोबऱ्याच्या रूपाने. काळ्या मसाल्याला, वाटणाला लागणारे हे खोबरे कर्नाटकातल्या तिपटूरसारख्या बाजारांतून सोलून येते, त्याची करवंटी तिकडेच राहते. म्हणून किराणा बाजारात खोबरे कितीही विकले गेले तरी आपल्या हाती करवंटी पडत नाही. ती येते ओल्या नारळाबरोबर, आणि त्याची ठिकाणे दोन.

पहिले ठिकाण देवस्थाने. जालना–भोकरदन रस्त्यावरचे राजूर गणपतीचे मोठे स्थान आहे आणि अंगारकी चतुर्थीला तिथे प्रचंड गर्दी लोटते. अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे, नवरात्रात तिची यात्रा भरते. अशा ठिकाणी नारळ वाहिले जातात, फोडले जातात. अडचण ही की दगडावर आपटलेला नारळ वेडावाकडा फुटतो आणि प्रसादाचा भाग भाविकाबरोबर घरी जातो. मंदिरात राहते त्यातला मोठा भाग तुकड्यांचा. तुकड्यांची बटणे, चमचे होतील, वाटी होणार नाही.

दुसरे ठिकाण इडली-डोशाच्या गाड्या, उडपी हॉटेले आणि आचारी. चटणीसाठी नारळ दोन भागांत फोडून खवणीवर खवला जातो, म्हणून त्यांच्याकडे निघणारी अर्धी करवंटी आतून जवळजवळ साफ असते. भांड्यासाठी हा सर्वांत चांगला माल. त्याचा पुरवठा रोजचा, थोडा थोडा आणि शहरातच आहे.

या दोन ठिकाणांवरून मोठा निर्यात कारखाना चालणार नाही. पाच-पन्नास हातांना बारमाही काम मिळेल एवढे एकक मात्र उभे राहू शकेल. आणि ते तसेच असावे, असे मला वाटते. व्हिएतनाम आणि बाली बेटावरून येणाऱ्या करवंटीच्या वाट्यांनी गेल्या दशकात जगाची ऑनलाइन बाजारपेठ भरली. तिथे करवंटी दारात पडते, आपल्याला वाहतुकीचा खर्च द्यावा लागेल. करवंटीची वाटी पोकळ असते, ट्रकमध्ये ती वजनापेक्षा जागाच जास्त खाते. दूरच्या करवंटीवर दूरच्या बाजारात स्पर्धा करणे जालन्याच्या हिताचे नाही.

एमआयडीसी काय देऊ शकते

जालन्याजवळ नारळ नाही, पण लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशन आणि मोटार बांधणीचे कसबी हात आहेत. या धंद्याला लागणारी यंत्रे साधी आहेत : नारळ मध्यावर सरळ कापणारी सुरक्षित करवत, वेग कमी-जास्त होणारा ग्राइंडर, बफिंग मोटार, धूळ ओढणारी यंत्रणा. ही इथल्या कारखान्यांत बनतील, दुरुस्त होतील आणि पुढे कोकणातही विकली जातील. देवस्थानासाठी नारळ समान दोन भागांत फोडणारा लोखंडी साचा हे तर एका फॅब्रिकेटरचे काम. तो साचा राजूरला बसला तर तुकड्यांच्या जागी वाट्या हाती येतील.

पाणी आणि इंधन हा आणखी एक मुद्दा. २०१२ च्या दुष्काळाची सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत जालना होता. या धंद्याला उकळायला, धुवायला आणि ओल्या घासाईला थोडेच पाणी लागते, आणि भट्टी लागत नाही. तुटलेले तुकडे पाणी उकळायच्या चुलीला पुरतात.

सरकारी आधार आहे, पण तो जोडून घ्यावा लागेल. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. काथ्या विणणारे त्यांत आहेत, करवंटीचे कारागीर स्वतंत्रपणे नाहीत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांतून मात्र लहान उत्पादन एककाला कर्ज आणि अनुदान मिळते, अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडे करता येतो. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, म्हणजे उमेदचे, बचत गट जिल्ह्यात आहेतच. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या नारळ विकास मंडळाचे राज्य केंद्र ठाण्यात आहे. प्रशिक्षणासाठी कोकण आणि गोव्याचे कारागीर जवळचे. कापणे आणि भरड घासाई एमआयडीसीतल्या सामायिक सुविधा केंद्रात, धूळ ओढणाऱ्या यंत्रापाशी व्हावी. ओली घासाई, तेल लावणे, दांडा बसवणे ही कामे गटांनी करावीत.

अशा स्थानिक उद्योगाच्या विचाराची महाराष्ट्राला परंपराही आहे. १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी तिथे मांडले ते हे की गावाच्या गरजेची वस्तू गावच्या मालातून, गावच्या हातांनी व्हावी आणि निसर्गातून घेतलेले निसर्गाला परत करता यावे. करवंटीचे भांडे मोडले तर मातीत जाते किंवा चुलीत जाते. ही कसोटी ते पुरी करते.

निवाडा

एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर राज्यात २०१८ पासून आणि देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. म्हणून करवंटी प्लास्टिकची जागा घेईल, असे सांगितले जाते. ते खरे नाही. पंगतीतल्या प्लास्टिकच्या द्रोणाची जागा पळसाच्या पानांनी घ्यावी. करवंटीची जागा घरात आहे : डवला, मिठाची वाटी, डाळ मोजायचे माप, चटणीचे भांडे, ताकाचा पेला. ती भांडी वर्षानुवर्षे टिकावीत आणि त्यांची किंमत कारागिराच्या घासाईची असावी.

पोलादाच्या शहराला हा धंदा श्रीमंत करणार नाही. पण टाकाऊ करवंटी, बेकार हात आणि बसून असलेली लहान वर्कशॉप यांना तो एकत्र आणू शकतो, आणि तेवढ्यासाठीही तो सुरू करण्याजोगा आहे. राजूर आणि अंबडच्या देवस्थानांनी करवंट्या वेगळ्या ठेवाव्यात, हॉटेलवाल्यांनी अर्ध्या करवंट्या कचऱ्यात न टाकता पोत्यात भराव्यात, आणि एमआयडीसीतल्या एखाद्या उद्योजकाने धूळ ओढणाऱ्या यंत्रासकट एक लहान शेड या कामाला द्यावी. सुरुवात डवल्यापासून करावी. तो करायला सोपा आहे, आणि वापरणाऱ्याला त्याचा उपयोग पहिल्याच दिवशी कळतो.